दोन ऋतूंत दोन वेळी थांबणारे घड्याळ : परभणीतील एका जुन्या ट्रान्झिस्टर घड्याळाची घरगुती दुरुस्ती

परभणी शहरातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालत आलेले, सेलवरचे एक जपानी टेबल घड्याळ हा या प्रकरणाचा विषय आहे. तबकडीवर सहाच्या आकड्याच्या वर ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द बारीक रोमन अक्षरांत छापलेला आहे आणि पाठीमागे टॉर्चचा एक मोठा सेल मावेल एवढी पेटी आहे. शिक्षकांचे वडील पूर्णा प्रकल्पावर येलदरी येथे नोकरीला होते व तेथून बदली झाली तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना ते भेट दिले होते. किल्ली द्यावी लागत नाही आणि वीज गेली तरी थांबत नाही, या दोन गुणांमुळे अशा घड्याळांना त्या काळी मोठा मान होता.

दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा ‘मध्येच बंद पडते’ एवढ्यावर संपते. येथे तसे झाले नाही, आणि पुढील सगळे निदान त्यामुळेच शक्य झाले. गुरुजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा आणि वर्तमानपत्राचा हिशेब लिहितात आणि वर्ष संपले तरी दिनदर्शिका टाकून देत नाहीत. त्याच चौकटींत सेल कधी बदलला आणि घड्याळ कधी थांबले याच्याही नोंदी होत्या. थांबलेल्या घड्याळाचे काटे थांबण्याची वेळ स्वतःच दाखवत असल्याने प्रत्येक नोंदीसमोर तासासह वेळ होती. या नोंदी एकत्र मांडल्यावर असे दिसले की डिसेंबर व जानेवारीत घड्याळ पहाटे चार ते साडेसहाच्या दरम्यान थांबते, एप्रिल व मे महिन्यांत दुपारी दोन ते साडेचारच्या दरम्यान थांबते आणि पावसाळ्यात जवळजवळ कधीच थांबत नाही. पहाटेच्या नोंदी जुन्या होत्या, तर दुपारच्या नोंदी अलीकडच्या काही वर्षांतल्या होत्या. पूर्वी एका दिवाळीला घातलेला सेल पुढची दिवाळी ओलांडून जात असे. दुपारचे थांबणे सुरू झाल्यापासून मात्र वर्षाला दोन-तीन सेल लागू लागले होते.

परभणीच्या हवामानात या नोंदींना विशेष अर्थ आहे. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत दर हिवाळ्यात परभणीचे नाव येते आणि मे महिन्यात याच शहराचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. म्हणजे घड्याळ दिवसाच्या सर्वांत थंड वेळी एका ऋतूत व सर्वांत उष्ण वेळी दुसऱ्या ऋतूत थांबत होते. एकाच बिघाडाने असे होणे कठीण आहे. थंडीत बिघडणारे आणि उन्हात बिघडणारे असे दोन वेगळे दोष असावेत, त्यांचा आरंभ वेगवेगळ्या वर्षी झाला असावा आणि वाढलेला सेलचा खर्च त्यांपैकी दुसऱ्याशी जोडलेला असावा, एवढे अनुमान घड्याळाचा एकही स्क्रू न काढता करता आले.

घरातल्यांची मते मात्र वेगळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या पहाटे घड्याळ फडताळावरून खाली पडले होते आणि तेव्हापासूनच त्याने अंग टाकले, असे घरात सर्वजण मानत. दिनदर्शिकांनी ही समजूत टिकू दिली नाही, कारण भूकंपानंतरच्या अनेक वर्षांत सेल बदलल्याच्या नोंदींखेरीज काहीच नव्हते. बाजारातील एका दुकानदाराने शंभर-दीडशे रुपयांत आत क्वार्ट्झचे मशीन बसवून देण्याची तयारी दाखवली होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पुतण्याचे म्हणणे होते, “काका, उन्हात थांबते म्हणजे ट्रान्झिस्टर गेला. नवा सिलिकॉनचा टाकून देऊ.” यातील पहिला उपाय म्हणजे घड्याळाची पेटी ठेवून घड्याळ काढून टाकणे होय. दुसरा उपाय तर्काला धरून होता, म्हणून त्याचा विचार नीट करणे भाग होते.

घड्याळ चालते कसे

त्यासाठी यंत्रणा समजून घ्यावी लागते. सेलवर चालणाऱ्या जुन्या विद्युत घड्याळांमध्ये, उदाहरणार्थ फ्रान्समधील लेआँ आतो यांच्या १९२० च्या दशकातील घड्याळांमध्ये, लंबकाला धक्का देणारा प्रवाह धातूच्या संपर्काने चालू-बंद होत असे. प्रत्येक वेळी पडणाऱ्या सूक्ष्म ठिणगीने तो संपर्क जळत जाई. ट्रान्झिस्टर, म्हणजे क्षीण संकेतावर प्रवाह चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, आल्यावर हा संपर्कच नाहीसा झाला. या घड्याळात बॅलन्स चाकाला, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाला, चुंबक बसवलेले आहेत आणि ते एका चपट्या कॉइलजवळून येजा करतात. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या आहेत. चुंबक जवळून जाताना पहिल्या गुंडाळीत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो, तो ट्रान्झिस्टरला क्षणभर उघडतो आणि दुसऱ्या गुंडाळीतून सेलचा प्रवाह वाहून चुंबकाला पुढे ढकलतो. झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य क्षणी हलकासा धक्का द्यावा, तसा हा प्रकार आहे; धक्का क्षणिक असला तरच तो उपयोगी पडतो. एरवी ट्रान्झिस्टर जवळपास बंद असायला हवा. पहिल्या गुंडाळीला जोडून एक मोठा रोध आणि त्याला समांतर एक इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतो. रोधातून ट्रान्झिस्टरला किंचित जागे ठेवणारा प्रवाह मिळतो, तर कंडेन्सर फक्त बदलता संकेत पुढे जाऊ देतो.

ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा, पीएनपी प्रकारचा (ज्यात धन-ऋण बाजू नेहमीच्या एनपीएन प्रकाराच्या उलट येतात) होता. जर्मेनियमचा गुण असा की तो ०.२ ते ०.३ व्होल्टवरच उघडू लागतो. दीड व्होल्टच्या एका सेलवर चालणाऱ्या उपकरणात ही फार मोठी सोय आहे, कारण सिलिकॉनला त्यासाठी ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. त्याचा दोष असा की बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळतो आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. पुतण्याचा संशय यावरच उभा होता. तरीही ट्रान्झिस्टर बदलण्याआधी गळती खरोखर त्याचीच आहे का, हे पाहणे आवश्यक होते. कारण कंडेन्सरची गळतीही उष्णतेने वाढते, आणि कंडेन्सरचे आयुष्य ट्रान्झिस्टरपेक्षा पुष्कळ कमी असते.

मोजमाप

आरंभ सेलच्या पेटीपासून केला. कधीकाळी सेलला पाणी सुटल्याने पत्तीवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. सेलला मोजलेला दाब १.५४ व्होल्ट होता, पण सर्किटच्या टोकांवर १.३७ च पोहोचत होता. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, म्हणून ती खायच्या सोड्याच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पुसली. अल्कलाइन सेल पाझरला असता तर उलट लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागले असते. सरसकट व्हिनेगर चोळण्याचा जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो अर्ध्या वेळी चुकीच्या रोगावरचे औषध ठरतो. नंतर पत्ती स्पिरिटने पुसून, कोरडी करून बारीक पॉलिश कागदाने घासली आणि दाब १.५३ व्होल्टपर्यंत आला. घड्याळाच्या मूळ दोषांशी याचा संबंध थोडाच होता. मात्र पत्ती घाण असताना घेतलेल्या पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ राहिला नसता.

दोन्ही गुंडाळ्या शाबूत होत्या. ढकलणाऱ्या गुंडाळीचा रोध ६२० ओहम आणि संकेत घेणाऱ्या गुंडाळीचा १,४०० ओहमच्या आसपास भरला. ही तार केसाहून बारीक असते आणि तुटली तर बहुधा बाहेर येणाऱ्या टोकापाशी तुटते, म्हणून तेथे बोट न लावता मीटरच्या टाचण्या पुढच्या डाखावर टेकवल्या.

खरी माहिती प्रवाह मोजल्यावर मिळाली. प्लास्टिकच्या पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वर्खी चिकटवून ती सेल व पत्ती यांच्यामध्ये सरकवली आणि तिच्या दोन बाजूंना मीटर जोडला, म्हणजे कोणतीही तार कापावी लागली नाही. मीटर अगदी लहान रेंजवर ठेवला तर त्याच्याच अंतर्गत रोधात दीड व्होल्टपैकी बराचसा भाग खर्च होतो, म्हणून वीस मिलिअँपिअरची रेंज घेतली. घड्याळाचा प्रवाह ठोक्याठोक्याने येत असल्याने आकडे नाचतात. ते स्थिरावण्यासाठी सर्किटच्या टोकांवर एक मोठा कंडेन्सर तात्पुरता लावला. चालू घड्याळाचा सरासरी प्रवाह १.१ मिलिअँपिअर निघाला. साध्या मोठ्या सेलची क्षमता ४,००० मिलिअँपिअर-तास धरली, तर या दराने तो पाच महिन्यांत संपतो. गुरुजींच्या नोंदींतील सेलचा खर्च या हिशेबाला जुळत होता.

यानंतर बॅलन्स चाकाखाली कागदाची चिठ्ठी सरकवून ते थांबवले. चाक थांबले म्हणजे संकेत नाही आणि संकेत नाही म्हणजे प्रवाह नगण्य असायला हवा. प्रत्यक्षात सकाळी, खोलीत २७ अंश असताना, तो ०.७ मिलिअँपिअर होता आणि दुपारी, ४१ अंशांना, १.४ मिलिअँपिअर. दीड व्होल्ट आणि ६२० ओहम यांच्या हिशेबाने या गुंडाळीतून जास्तीत जास्त २.४ मिलिअँपिअरच वाहू शकतात. म्हणजे दुपारी त्यातील अर्ध्याहून अधिक प्रवाह काही काम न करता सतत वाहत होता आणि धक्का देण्यासाठी फक्त उरलेला भाग शिल्लक राहत होता. शिवाय सतत वाहणारा प्रवाह चुंबकाला ओढून धरतो, त्यामुळे चाकाचा स्थिर बिंदूही सरकतो. दुपारचे थांबणे येथे उलगडले.

गळती कोणाची हे ठरवण्यासाठी कंडेन्सरचा एकच पाय डाखातून सोडवून वर उचलला. स्थिर प्रवाह सकाळी ०.०४ आणि दुपारी ०.१० मिलिअँपिअरवर आला. जे उरले ती जर्मेनियमची गळती आणि रोधातून मिळणाऱ्या प्रवाहाचा वाटा होता, आणि तो पूर्णपणे सहन करण्याजोगा होता. कंडेन्सरमधून प्रत्यक्षात काही मायक्रोअँपिअरच झिरपत होते. पण ते ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे संकेत घेणाऱ्या टोकात, जात असल्याने ट्रान्झिस्टर त्यांना पन्नासेक पटींनी वाढवून सेलकडून वसूल करत होता. दोष कंडेन्सरचा आणि आळ ट्रान्झिस्टरवर, असा हा प्रकार होता. पुतण्याने म्हटल्याप्रमाणे थेट सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घातला असता, तर त्याच्या वरच्या उंबरठ्यामुळे गळका कंडेन्सर काही काळ झाकला गेला असता. मात्र सेल १.२ व्होल्टवर आला की धक्के क्षीण होऊन घड्याळ थांबू लागले असते, आणि तोवर मूळ सुटा भाग कचऱ्यात गेला असता.

नांदेडच्या वजिराबाद भागातून १० मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर मागवला. त्याचे धन टोक गुंडाळीच्या बाजूला राहील, हे जुना काढण्याआधीच कागदावर आकृती काढून नक्की करून ठेवले होते. पीएनपी सर्किटमध्ये धन आणि ऋण यांची बाजू नेहमीच्या सवयीच्या उलट येते आणि घाईत तेथेच फसगत होते. डाख देताना सेल काढलेला होता आणि ट्रान्झिस्टरच्या पायाला पितळी चिमटा लावून ठेवला होता, कारण शंभर अंशांच्या आतच जर्मेनियमला इजा पोहोचू शकते आणि डाखाची उष्णता पायावरून थेट आत जाते.

पहाटेचा दोष

दुपारचा प्रश्न सुटला तरी पहाटेचा उरला होता. मशीन पेटीतून बाहेर काढल्याबरोबर एक खवट वास आला आणि त्याने बरेचसे काम केले. विचारल्यावर गुरुजींना आठवले की बऱ्याच वर्षांपूर्वी, घड्याळ जरा कुरकुरते म्हणून, थोरल्या जावयांनी त्यात खोबरेल तेलाचे थेंब सोडले होते. मराठवाड्यातील कोणत्याही घरात डिसेंबरमध्ये खोबरेलाची बाटली चुलीजवळ किंवा उन्हात ठेवावी लागते, कारण हे तेल २४ अंशांच्या सुमारास गोठते. बाटलीत जे होते तेच आसाच्या टोकाशी असलेल्या थेंबातही होत असणार. खात्रीसाठी आसाजवळचा चिकट अंश सुईने काढून काचेच्या तुकड्यावर ठेवला, शेजारी घड्याळाच्या खनिज तेलाचा थेंब ठेवला आणि काच फ्रीजमध्ये सरकवली. काही वेळाने पहिला ठिपका पांढरा आणि घट्ट झाला होता, दुसरा तसाच पातळ होता.

खोबरेलाने आणखी एक नुकसान केले होते. वनस्पतिज तेल जुने झाले की त्यात आम्ल तयार होते आणि ते पितळ खाते. आसांच्या भोकांभोवती हिरवी कड दिसत होती. त्यात काळ्या मातीची उन्हाळी धूळ मिसळून एक लेप झाला होता. उष्ण हवेत तो मऊ पडत असे आणि चाकाला वाट देत असे, थंडीत आवळत असे. पावसाळ्यात घड्याळ का थांबत नव्हते, याचेही उत्तर येथे होते: तेव्हा खोलीचे तापमान सहसा तेल गोठण्याइतके खाली उतरत नाही आणि कंडेन्सर ढेपाळावा इतके वरही चढत नाही.

सफाईचे काम वेळखाऊ होते. बॅलन्स चाक हेअरस्प्रिंगसह (त्याला झुलवत ठेवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगसह) आधी उचलून झाकणाखाली ठेवले. त्याचे चुंबक लोखंडी पेचकस ओढून घेतात आणि एकदा हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांत अडकले की घरी सोडवणे जवळपास अशक्य असते, म्हणून तेथे केवळ पितळी हत्यारे वापरली. भूकंपाच्या समजुतीला शेवटचा मान देण्यासाठी भिंगाखाली चाकाच्या आसाची टोके तपासली. ती सरळ होती. दातेरी चाके आणि पितळी पट्ट्या व्हाइट पेट्रोलमध्ये धुतल्या. हे काम गच्चीवर, सावलीत आणि चुलीपासून दूर केले, आणि कॉइल, तबकडी व प्लास्टिकचे भाग त्यापासून अलग ठेवले, कारण या द्रवाने रंग व इन्सुलेशन विरघळू शकते. भोकांतील लेप कडुनिंबाची वाळकी काडी टोकदार करून, ती फिरवून काढला. काडीचे टोक स्वच्छ बाहेर येईपर्यंत नवी टोके करत राहावे लागले. या कामात घाई केली तर जुना लेप नव्या तेलात मिसळतो आणि वर्षभरात सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते.

तेल देताना हात आखडता ठेवावा लागतो. बारीक सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब प्रत्येक आसाच्या टोकाला दिला, चाकांचे दाते आणि हेअरस्प्रिंग कोरडी ठेवली. शिवणयंत्राचे तेल चालेल का, असे अनेक जण विचारतात. ते खोबरेलापेक्षा निश्चितच बरे, पण ते पातळ असल्याने आसावरून पसरून निघून जाते. घड्याळाच्या तेलाची लहानशी कुपी अनेक घड्याळांना पुरते, म्हणून तेथे काटकसर करण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुरुस्तीनंतरची स्थिती

जोडणी झाल्यावर चाकाचा झोका जेमतेम अर्ध्या फेऱ्यावरून पाऊण फेऱ्याच्या जवळ गेला. चालू घड्याळाचा सरासरी प्रवाह ०.२८ मिलिअँपिअर झाला, म्हणजे तोच सेल आता दीड वर्षाच्या पुढे टिकायला हवा. अर्थात सेल आपोआपही झिजतो, म्हणून वर्षाने बदलणेच शहाणपणाचे आहे. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी घड्याळ थांबले नाही आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, पारा दहा अंशांच्या खाली गेलेल्या पहाटेही थांबले नाही.

वेळ जुळवणे हा त्यानंतरचा कंटाळवाणा भाग. मागील तरफ केसभर हलवायची, दिवस जाऊ द्यायचा आणि आकाशवाणी परभणीवरच्या बातम्यांशी ताडून पाहायचे, असे गुरुजींनी स्वतःच केले. सामान्य पोलादी हेअरस्प्रिंग असती तर तापमान एका अंशाने वाढल्यावर घड्याळ दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडले असते आणि मे व जानेवारी यांच्यात दिवसाला काही मिनिटांचा फरक दिसला असता. गुरुजींच्या नोंदींत तो फरक वीसेक सेकंदांचाच आढळला. म्हणजे स्प्रिंग तापमानाचा परिणाम टाळणाऱ्या मिश्रधातूची आहे आणि तिला हात न लावणे योग्य ठरले. दुकानदाराचे क्वार्ट्झ मशीन वेळेच्या बाबतीत नक्कीच वरचढ ठरले असते. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि काटे हलवणारी मोटर मारियस लावे यांच्या १९३६ च्या पेटंटमधील तत्त्वावर चालते. लावे हे आतो यांच्याच कारखान्यातले अभियंते होते, त्यामुळे ते मशीनही या घड्याळाला अगदीच परके नाही. पण गुरुजींना सेकंदाचा हिशेब नको होता, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले होते.

एक बाब खुली ठेवली आहे. जर्मेनियमची ०.०४ व ०.१० ही सकाळ-दुपारची मोजमापे तारखेसह पेटीच्या आतल्या कागदावर लिहून ठेवली आहेत. दर वर्षी सेल बदलताना चाक थांबवून तीच मोजमापे पुन्हा घ्यायची असे ठरले आहे. दुपारचा आकडा ०.३ च्या वर गेला तर आधी नवा कंडेन्सर पुन्हा तपासायचा, आणि तो निर्दोष निघाला तरच ट्रान्झिस्टरकडे वळायचे. तेव्हा जुन्या रेडिओतून काढलेला जर्मेनियमचा पीएनपी मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास सिलिकॉनचा पीएनपी बसवून कंडेन्सरला समांतर असलेला रोध कमी करावा लागेल, आणि तो किती कमी करायचा हे नव्या सेलवर न ठरवता १.२ व्होल्टपर्यंत उतरलेल्या जुन्या सेलवर घड्याळ चालवून ठरवावे लागेल. पुतण्याने तसे दोन जुने ट्रान्झिस्टर आत्ताच शोधून पेटीत ठेवले आहेत.